प्रामाणिक शस्त्रवैद्य मोन्तेज्जा

थोर माणसांची नावे रस्त्यांना, शाळांना आणि गावांना दिली जातात. एखाद्या ताऱ्याला किंवा वनस्पतीलाही माणसाचे नाव मिळते. पण मोडलेल्या हाडाला माणसाचे नाव मिळाल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे काय? हाड मोडणे यालाच अस्थिभंग म्हणतात. कोपराजवळ होणाऱ्या एका विशिष्ट अस्थिभंगाला जगभरचे डॉक्टर मोन्तेज्जाचा अस्थिभंग म्हणतात. आपल्याकडील डॉक्टर या नावाचा उच्चार मॉन्टेजिया असाही करतात. हा अस्थिभंग क्वचितच आढळतो आणि तो ओळखायला कठीण असतो. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, ते इटलीतील एक शस्त्रवैद्य होते. नवलाची गोष्ट अशी, की ज्या रुग्ण मुलीमुळे त्यांचे नाव अमर झाले, त्या मुलीचा हात ते पूर्ण बरा करू शकले नव्हते. असे असूनही वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. का, ते आपण या पाठात पाहू.

त्यांचे पूर्ण नाव जियोव्हानी बातिस्ता मोन्तेज्जा. त्यांचा जन्म ८ ऑगस्ट १७६२ रोजी उत्तर इटलीतील लावेनो या गावी झाला. हे गाव माज्जोरे नावाच्या एका मोठ्या व सुंदर सरोवराच्या काठी वसलेले आहे. आपल्याकडे तेव्हा पानिपतच्या तिसऱ्या लढाईला दीड वर्ष उलटून गेले होते. इटली हा त्या काळी एक देश नव्हता. त्याचे अनेक लहान लहान तुकडे होते व त्यांवर वेगवेगळ्या सत्ता राज्य करीत होत्या. लावेनोपासून जवळचे मोठे शहर म्हणजे मिलान. मिलानवर तेव्हा ऑस्ट्रियाची सत्ता होती.

१७७९ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, मोन्तेज्जा मिलानच्या ओस्पेदाले माज्जोरे या रुग्णालयात शस्त्रवैद्यक शिकण्यासाठी दाखल झाले. ओस्पेदाले माज्जोरे म्हणजे मोठे रुग्णालय. त्याची स्थापना १४५६ साली झाली होती. गोरगरीब रुग्णांना तेथे आसरा मिळत असे. मोन्तेज्जांचे पुढचे आयुष्य मिलान शहरात आणि या रुग्णालयाच्या सहवासात गेले.

त्या काळचे रुग्णालय कसे होते याची कल्पना करून पाहा. रुग्णाला बेशुद्ध करून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत १८४६ नंतर प्रचारात आली. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालण्याची आजची रीत १८५० नंतरची आहे. क्ष-किरणांचा शोध तर १८९५ साली लागला. म्हणजे मोन्तेज्जांच्या वेळी भूल नव्हती, प्लास्टर नव्हते आणि हाडाचा फोटोही काढता येत नव्हता. रोगजंतूंचीही कोणाला माहिती नव्हती. वैद्याचे डोळे, कान आणि हाताची बोटे हीच त्याची साधने होती. मोडलेल्या जागी बोटांनी हळूच दाबून पाहायचे, हाडे एकमेकांवर घासल्याचा आवाज येतो का ते ऐकायचे आणि त्यावरून निदान करायचे. निदान म्हणजे रुग्णाला नेमके काय झाले आहे ते ओळखणे.

मोन्तेज्जा अतिशय कष्टाळू विद्यार्थी होते. आपल्या भाषेत जे ग्रंथ आहेत तेवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. त्यांनी परक्या भाषा शिकून घेतल्या. प्रसूतिशास्त्रावरील एक जर्मन ग्रंथ त्यांनी इटालियन भाषेत आणला. दुसरी भाषा शिकल्याने ज्ञानाचा एक नवा दरवाजा उघडतो, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. शरीराची रचना नीट समजावी म्हणून ते मृतदेहांचे विच्छेदनही करीत. एकदा असे विच्छेदन करताना त्यांच्या हाताला सुरी लागली. ती मृत स्त्री एका भयंकर संसर्गजन्य रोगाने दगावली होती. त्या जखमेतून मोन्तेज्जांनाही तो रोग जडला. या रोगावर त्या काळी खात्रीचे औषध नव्हते. असे असूनही त्यांनी आपले काम सोडले नाही. १७९५ साली मिलान येथे शरीररचनाशास्त्र व शस्त्रवैद्यक या विषयांचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

पुढच्याच वर्षी, १७९६ मध्ये, नेपोलियनच्या फ्रेंच सैन्याने मिलान जिंकले. राज्यकर्ते बदलले, झेंडे बदलले. मोन्तेज्जांचे शिकवणे आणि रुग्ण तपासणे मात्र चालूच राहिले. १८०२ पासून त्यांनी शस्त्रवैद्यकावरील एक मोठा ग्रंथ अनेक खंडांत प्रसिद्ध केला. त्याचे नाव इस्तित्युत्सिओनी किरुर्जिके, म्हणजे शस्त्रवैद्यकाची मूलतत्त्वे. या ग्रंथामुळे त्यांची कीर्ती दूरवर पसरली.

मोडलेल्या हाडांवर ग्रंथ लिहिणारे मोन्तेज्जा काही पहिले नव्हते. त्यांच्या सुमारे आठशे वर्षे आधी स्पेनमधील कुर्तुबा शहराजवळ अबुल कासिम अल्-जहरावी नावाचे थोर हकीम होऊन गेले. त्यांच्या अत्-तसरीफ या ग्रंथाचे तीस भाग होते. त्यातील शेवटचा भाग जर्राहीचा, म्हणजे शस्त्रक्रियेचा. मोडलेली व निखळलेली हाडे कशी बसवावीत याचे वर्णन त्यात सविस्तर आले आहे. या भागाचे बाराव्या शतकात लॅटिन भाषेत भाषांतर झाले. इटलीतील व्हेनिस शहरात १४९७ साली ते छापलेही गेले. युरोपातील शस्त्रवैद्यांनी कित्येक शतके त्यावरून धडे घेतले. ज्ञानाचा दिवा असा एका हातातून दुसऱ्या हातात जात असतो. मोन्तेज्जांच्या हाती आला तो हाच दिवा.

आता मोन्तेज्जांचा अस्थिभंग म्हणजे काय ते समजून घेऊ. त्यासाठी आधी आपला स्वतःचा हात पाहू या. खांद्यापासून कोपरापर्यंतच्या भागाला दंड म्हणतात. त्यात एकच हाड असते. कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाला अग्रबाहू म्हणतात. त्यात दोन हाडे शेजारी शेजारी असतात. करंगळीच्या बाजूच्या हाडाला अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला रेडियस म्हणतात. हात टेबलावर टेकल्यावर कोपराचे जे टोक टेबलाला लागते, ते अल्नाचे टोक होय. आता उजवा कोपर वाकवा. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा लागेल. त्याच्या किंचित पुढे डाव्या हाताचे बोट ठेवा आणि उजवा तळवा वर-खाली फिरवा. बोटाखाली काहीतरी गोल फिरत असल्याचे जाणवेल. ते रेडियसचे डोके आहे. हे डोके एका मजबूत पट्ट्याने अल्नाशी बांधलेले असते. त्यामुळे ते जागच्या जागी फिरते, पण जागा सोडत नाही.

ही दोन हाडे शिडीच्या दोन उभ्या बांबूंसारखी आहेत. दोन्ही बांबू वरच्या व खालच्या टोकाला पक्के बांधलेले आहेत असे समजा. त्यातला एक बांबू मधेच मोडून वाकला, तर तो आखूड होईल. मग दुसऱ्या बांबूचे काय होईल? एक तर तोही मोडेल, नाहीतर त्याचे टोक बंधनातून निसटेल. हातातही असेच घडते. माणूस पसरलेल्या हातावर पडला आणि अल्ना हाड मोडून वाकले, तर कधी कधी रेडियसचे डोके कोपरातील आपल्या जागेवरून निखळते. म्हणजे एकाच वेळी दोन इजा होतात. एक हाड मोडते आणि दुसरे निखळते. मोडलेले हाड लगेच लक्षात येते, कारण तेथे सूज येते, हात वाकडा दिसतो आणि दाबल्यावर कळ येते. निखळलेले डोके मात्र सुजेत लपून राहते. वैद्याचे सगळे लक्ष मोडलेल्या हाडाकडे जाते आणि दुसरी इजा नजरेतून सुटते.

मोन्तेज्जांच्या बाबतीत नेमके हेच घडले. हाताला इजा झालेली एक मुलगी त्यांच्या उपचाराखाली होती. तपासल्यावर अल्ना हाड कोपराकडील भागात मोडले आहे, असे त्यांना वाटले. त्यांनी नेहमीच्या पद्धतीने हात बांधला. सुमारे महिनाभर उपचार चालू राहिले. महिन्याच्या शेवटी त्यांनी शेवटची पट्टी सोडली आणि मुलीचा हात सरळ केला. त्याबरोबर कोपराच्या पुढच्या बाजूला रेडियसचे डोके एकदम बाहेर आले. तेथे एक टणक, बेढब उंचवटा दिसू लागला. आपल्या नजरेतून काय सुटले होते, हे मोन्तेज्जांना त्या क्षणी कळले. त्यांनी डोके दाबून आत बसवले. ते आत गेले. पण हात सोडताच, विशेषतः तो सरळ करताच, पुन्हा बाहेर आले. त्यांनी घड्या ठेवून नव्याने पट्ट्या बांधून पाहिल्या. उपयोग झाला नाही. डोके काही जागेवर राहिले नाही.

आता विचार करा. ही गोष्ट मोन्तेज्जांनी कोणाला सांगितली नसती, तर काय झाले असते? मिलानमध्ये त्यांचा मोठा नावलौकिक होता. ते प्राध्यापक होते. हाडाचा फोटो काढण्याची सोय नसल्याने त्यांच्याविरुद्ध पुरावाही नव्हता. इजा फार मोठी होती, पडतानाच हात कायमचा बिघडला होता, असे सांगून त्यांना मोकळे होता आले असते. मुलीच्या घरच्यांनी बहुधा विश्वासही ठेवला असता.

मोन्तेज्जांनी तसे केले नाही. १८१४ साली आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीच्या पाचव्या खंडात त्यांनी या मुलीची हकीगत लिहिली. सुरुवातीला आपली फसगत कशी झाली, महिन्यानंतर काय दिसले आणि पुन्हा प्रयत्न करूनही अपयश कसे आले, हे सारे त्यांनी आपल्या वाचकांसमोर मांडले. ही आठवण आपल्याला दुःख देते, हेही त्यांनी लपवले नाही. हा ग्रंथ त्यांचेच विद्यार्थी वाचणार होते. विद्यार्थ्यांसमोर आपले अपयश मांडायला मोठे धैर्य लागते. पण त्या एका पानामुळे पुढच्या वैद्यांना एक मोलाचा धडा मिळाला. अग्रबाहूचे एक हाड मोडलेले दिसले, तर तेवढ्यावर थांबू नये. वरचा आणि खालचा सांधाही तपासावा.

मोन्तेज्जांची नजर अशीच इतर रोगांकडेही असे. अंगावर पिणाऱ्या काही बालकांना दोन-तीन दिवस ताप येतो आणि त्यानंतर त्यांचा एक किंवा दोन्ही पाय लुळे पडतात, असे त्यांनी नोंदवून ठेवले होते. त्या काळी या रोगाला वेगळे नाव नव्हते. आज आपण त्याला पोलिओ म्हणतो. पोलिओच्या सुरुवातीच्या वर्णनांमध्ये मोन्तेज्जांच्या या नोंदीची गणना होते. पोलिओचे डोस देऊन भारताने हा रोग हटवला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. मोन्तेज्जांच्या नोंदीनंतर त्याला दोनशे वर्षे लागली.

मोन्तेज्जांना फार आयुष्य लाभले नाही. धावरे नावाचा एक रोग असतो. त्यात त्वचा लाल होऊन सुजते व जोराचा ताप येतो. या रोगाने १७ जानेवारी १८१५ रोजी मिलान येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा अवघे बावन्न वर्षांचे होते. मुलीची ती हकीगत छापली गेल्यानंतर थोड्याच काळात त्यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यानंतर ऐंशी वर्षांनी, १८९५ साली, जर्मनीतील शास्त्रज्ञ राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. आता हाड डोळ्यांनी पाहता येऊ लागले. मोन्तेज्जांनी केवळ बोटांनी चाचपून जे ओळखले होते, ते फोटोत स्पष्ट दिसू लागले. या दुहेरी इजेला डॉक्टरांनी त्यांचे नाव दिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उरुग्वे देशातील डॉक्टर होसे लुइस बादो यांनी या इजेचे चार प्रकार पाडले. रेडियसचे डोके पुढे निखळते, मागे निखळते की बाजूला, आणि त्याबरोबर रेडियसही मोडते काय, यावर हे प्रकार ठरतात. मिलान शहरातच पुढे रिकार्डो गालेआत्सी नावाचे हाडांचे डॉक्टर होऊन गेले. मनगटाजवळच्या अशाच एका दुहेरी इजेला त्यांचे नाव मिळाले आहे. तीत रेडियस मोडते आणि अल्ना मनगटापाशी निखळते.

आज ही इजा ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. क्ष-किरणांच्या फोटोत रेडियसच्या मधोमध एक सरळ रेघ ओढायची. ही रेघ दंडाच्या हाडाच्या बाहेरील गोल टोकातून गेली पाहिजे. फोटो समोरून काढलेला असो की बाजूने, हा नियम बदलत नाही. रेघ त्या गोलाच्या बाहेरून गेली, तर डोके निखळले आहे असे समजावे. त्यासाठी फोटोत नुसते मोडलेले हाड दिसून भागत नाही. कोपर आणि मनगट हे दोन्ही सांधे दिसावे लागतात. लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा भूल देऊन अल्ना सरळ केले, की रेडियसचे डोके आपोआप जागेवर जाते. मग काही आठवडे हात प्लास्टरमध्ये ठेवतात. मधल्या काळात पुन्हा फोटो काढून डोके जागेवर आहे ना, याची खात्री करतात. मोठ्या माणसांमध्ये बहुधा शस्त्रक्रिया करून हाडाला धातूची पट्टी बसवावी लागते. वेळीच निदान झाले, तर हात पुन्हा चांगला काम करू लागतो. निदान राहून गेले, तर कोपर नीट वाकत नाही, तळवा पुरता फिरत नाही आणि पुढे मोठी शस्त्रक्रिया करण्याची पाळी येते.

ही गोष्ट दूरच्या इटलीतील असली, तरी तिचा आपल्या घनसावंगी तालुक्याशीही संबंध आहे. आपल्याकडील मुले चिंचेच्या झाडावर चढतात, बैलगाडीवरून उड्या मारतात, उसाच्या ट्रॉलीला लोंबकळतात. पडताना माणूस हात पुढे टेकवतो आणि सगळा भार हातावर येतो. मग सुजलेल्या कोपराला तेल-हळद लावून चोळले जाते. कोणी बांबूच्या कामट्या लावून हात घट्ट आवळून बांधतात. अनुभवी हाडवैद्यांची बोटे हुशार असतील. पण मोन्तेज्जांसारख्या निष्णात शस्त्रवैद्याची बोटेही येथे फसली होती, हे आपण विसरता कामा नये.

घट्ट बांधण्याचा धोका तर याहून मोठा आहे. अल्-जहरावींनी आपल्या ग्रंथात एक हकीगत दिली आहे. एका तरुणाच्या पायाचे हाड घोट्याजवळ मोडले होते व तेथे जखमही झाली होती. एका अडाणी वैद्याने जखमेवरूनच फळ्या लावून पाय करकचून बांधला आणि तो कित्येक दिवस तसाच ठेवला. पाय सुजला. तरुण मरणाच्या दारी पोहोचला. जहरावींना बोलावल्यावर त्यांनी लगेच बंधने सैल केली. वेदना थांबल्या, पण पाय सडू लागला होता. तो तरुण वाचला नाही. हजार वर्षांपूर्वीचा हा इशारा आजही तितकाच खरा आहे. फार घट्ट बांधलेल्या हाताचा रक्तपुरवठा थांबतो. मग स्नायू मरतात आणि बोटे कायमची आखडून जातात.

म्हणून कोणाच्या कोपराला मार लागला, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हात चोळू नये व ओढू नये. तो आहे त्या स्थितीत ओढणीच्या किंवा मोठ्या रुमालाच्या झोळीत अलगद ठेवावा. बोटांतील अंगठी व मनगटातील बांगडी लगेच काढावी. लवकरात लवकर रुग्णालय गाठावे. गावाजवळ सोय नसेल, तर अंबड किंवा जालना येथे जावे. फोटोत कोपर व मनगट दोन्ही आले आहेत ना, हे डॉक्टरांना अदबीने विचारावे. प्लास्टर घातल्यावर बोटांकडे लक्ष ठेवावे. बोटे निळी किंवा थंड पडली, बधिर झाली, सरळ करताना असह्य कळ आली किंवा दुखणे वाढतच गेले, तर सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी परत रुग्णालयात जावे.

त्या मुलीचे नाव इतिहासाला माहीत नाही. तिचा हात पुढे कसा राहिला, हेही कोठे लिहिलेले नाही. पण तिची हकीगत मोन्तेज्जांनी लिहून ठेवली आणि तेव्हापासून असंख्य मुलांचे हात वाचले. आजही एखादा डॉक्टर क्ष-किरणांच्या फोटोवर ती सरळ रेघ ओढतो, तेव्हा मोन्तेज्जांच्या त्या पानाचा त्याला उपयोग होत असतो. विद्वत्ता पुष्कळांजवळ असते. तिच्या जोडीला इमानदारी असली, म्हणजे एका माणसाचे अपयशही सर्वांच्या उपयोगी पडते.

स्वाध्याय

१. मोन्तेज्जांच्या काळी वैद्यांजवळ कोणती साधने नव्हती?
२. अग्रबाहूतील दोन हाडांना शिडीच्या बांबूंची उपमा का दिली आहे?
३. पट्टी सोडल्यावर मोन्तेज्जांना काय दिसले? त्यांनी पुढे काय केले?
४. हात फार घट्ट बांधल्यास कोणता धोका संभवतो?
५. कोपराला मार लागलेल्या मित्राला तुम्ही कशी मदत कराल? सात-आठ ओळींत लिहा.